जूनचं पान

सोमवार, ७ एप्रिल २०२५, टिलबर्ग

राधाबाई, तुझे गुडघे कसे आहेत? तेल चोळतेस, की बाटली उन्हात ठेवून नुसती तिच्याकडे बघतेस? राखी, तुझी सर्दी उतरली का? नाक अजून गाजरासारखं दिसतं. मंजूषावहिनी, तुमची धाप? आमच्या राधाबाईच्या सोबतीला झोपायला येता, जिने जपून चढा. शेजारच्या म्हाताऱ्या मांजरा, तुझ्या डोळ्याचं पाणी थांबलं का? माझी साखर बेताची आहे. सुयश, तुझी...

इथं पेन थांबलं. चार वर्षं होत आली, तरी यादी त्याच्यापाशी गेल्याशिवाय हात सुटत नाही.

वही राखीनं दिली. माझी बायको राधाबाई नागपुरात घर सांभाळते, मी काही महिने लेकीकडे आलोय. म्हणाली, "बाबा, दिवसभर भिंतीकडे बघत बसता, त्यापेक्षा चार ओळी लिहा." म्हटलं, भिंतीकडे बघणं हाच माझा चाळीस वर्षांचा धंदा. मी गवंडी माणूस. या देशातल्या विटा फार देखण्या आहेत, सांधे रेषेत, कुठं पोट काढलेली भिंत नाही. बघत बसलो तर काय चुकलं? पण लेकीचा शब्द मोडवत नाही. दैनंदिनी लिहायची रीत मला ठाऊक नाही. शाळा दुसरीपर्यंत, पुढची अक्षरं सिमेंटच्या पोत्यांवर नि पोरांच्या पुस्तकांत शिकलो. मला लिहिता येतं ते पत्र. म्हणून पत्राचाच हात पडला.

सुयश माझा धाकटा. राखीच्या पाठीवरचा. शिकायला या गावी आला नि इथंच नोकरीला लागला. सप्टेंबर एकवीसमध्ये सायकलवरून ऑफिसला जाताना छातीत कळ आली, रस्त्याकडेला बसला तो उठला नाही. एकतीस वर्षांचा. डॉक्टर म्हणाले, हृदयात जन्माचाच दोष होता. मी मात्र एकच धरून बसलो, तो खेळ. अमेरिकेतला फुटबॉल म्हणे, पण पायाचा संबंध नाही. अंड्यासारखा चेंडू हातानं फेकायचा, दुसऱ्यानं पळत जाऊन झेलायचा, नि झेलला की चार रेड्यांनी त्याच्या अंगावर पडायचं. झेलणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. आमचा तो. मी फोनवर म्हटलं होतं, "हातपाय मोडून घ्यायला तुला सातासमुद्रापार धाडलं का?" त्यानंतर त्यानं खेळाचं नाव माझ्यापुढं काढलं नाही.

करोनाचे दिवस, आम्हाला येता आलं नाही. राखी इथंच होती, ती अस्थी घेऊन नागपूरला आली. सोबत क्लबानं त्याचा खेळायचा शर्ट दिला होता. तो मी घडी न उलगडता परत न्यायला लावला.

आज एवढंच. हात दुखतो.

शुक्रवार, ११ एप्रिल

सुयशच्या क्लबातला रोशन आला होता. बस चालवतो. त्याचे पणजोबा बोटीनं सुरिनामला उसाच्या मळ्यात गेले, बाप तिथून इकडे आला. घरात अजून हिंदीच्या वळणाची बोली. त्याची निम्मी मला कळते, माझी नागपुरी हिंदी निम्मी त्याला कळते. दोन निम्मे मिळून एक पुरा होतो.

क्लबाचं नाव वीव्हर्स, म्हणजे विणकर. हे गाव पूर्वी कापडाच्या गिरण्यांचं, आपल्या नागपूरसारखं. रोशन मैदानावर माईक घेऊन बोलतो. मी विचारलं, "पब्लिक कितना आता?"

"फुल हाउस मतलब डेढ़ सौ, काका. कुत्तों को गिन के."

मग टोपी काढून मांडीवर ठेवली नि कामाचं बोलला. चौदा जूनला, सुयशच्या वाढदिवसाला, दर वर्षी ते त्याच्या नावानं सामना खेळतात. यंदा बाप गावात आहे तर बापानं यावं. आणि एक विचारायचं होतं. मी परत पाठवलेला शर्ट त्यांनी कँटीनच्या भिंतीवर टांगलाय. चौदा नंबर. तेव्हापासून तो नंबर कुणी घातला नाही. आता एका खेळाडूला तो हवाय. क्लबात दोन तट पडलेत. अर्धे म्हणतात टांगलेलाच राहू दे, अर्धे म्हणतात द्यावा. शेवटी ठरलं, बाप म्हणेल ते.

"सोच के बताता," म्हटलं.

तो गेल्यावर राखी म्हणाली, "बाबा, नाही म्हणायचं तर सरळ नाही म्हणा ना. बिचारे वाट बघत राहतात."

लेक मिस्त्रीची आहे. मिस्त्री 'विचार करून सांगतो' म्हणाला की काम करायचं नसतं, हे तिला ठाऊक.

सोमवार, १४ एप्रिल

जयंती. राखीनं सुटी काढली. खिडकीत बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्ती, पांढरी फुलं. दोघांनीच वंदना म्हटली. मग राधाबाईला फोन. तिकडे मिरवणुकीचे ढोल इतके, की ती ओरडूनच बोलत होती.

मी म्हटलं, "पोरानं चौदा नंबर काहून घेतला असंल?"

"आज काय तारीख हाय? इतकंबी समजत नाई तुमाले?"

"मला वाटलं, चौदा जून. त्याचा जन्म."

"मंग दोन्ही धरा नं. त्यात काय भांडण हाय?"

राधाबाईनं असा न्याय दिला. खेळाबद्दल तिनं सुयशला कधी बोल लावला नाही. आमच्या घरात तेवढं काम माझ्याकडे होतं.

गुरुवार, १७ एप्रिल

राखीच्या आग्रहानं क्लबात जाऊन आलो. नंबराचं काही बोलायचं नाही, नुसता चहा प्यायचा, या अटीवर. चहा नव्हताच, कॉफी होती. आणि एकेकाला एकच बिस्किट. डबा फिरवतात नि लगेच झाकण लावतात.

सात-आठ जण जमले होते, खेळणारे कमी, बघणारे जास्त. बघणाऱ्यांची म्होरकी तिनेक नावाची बाई, पंच्याहत्तरीची. पोरवयात गिरणीत मागावर होती, म्हणून एका कानानं कमी ऐकते. घडीची खुर्ची घेऊन मैदानाच्या शेवटच्या रेषेला बसते नि वाटाण्याचं सूप पातेलंभर करून आणते. रोशन माझ्यासाठी हिंदीत सांगत होता, राखी मराठीत. एकाच गोष्टीच्या दोन गोष्टी व्हायच्या.

सूपची गोष्ट सगळ्यांनाच सांगायची होती. लायडनच्या संघाशी सामना, शेवटचा डाव. वाउटर नावाचा उंच माणूस तेव्हा चेंडू फेकायचा, आता शिकवतो. त्याची फेक चुकली, चेंडू डोक्यावरून जायला लागला. सुयशनं पाठमोरं पळत, मान वळवून, एका हातानं असा काही झेलला की... इथं सगळ्यांनी आपापला हात वर करून दाखवला. सात हात वर. झेलून पडला तो थेट तिनेकच्या पातेल्यात.

"सूप गेलं," तिनेक म्हणाली. "चेंडू नाही पडला."

"आणि रेषेच्या आत होता की बाहेर?" कुणीतरी विचारलं नि तिथंच भांडण पेटलं. हे भांडण सहा वर्षं चालू आहे म्हणे. लायडनवाले अजून मानत नाहीत.

मी हसलो. हसू आलं याचं मलाच नवल वाटलं. भिंतीवरच्या शर्टाकडे मात्र पाठ करून बसलो होतो.

मग वाउटर बोलला, त्यानं सगळं नासलं. सुयश नवीन पोरांना कसं शिकवायचा ते सांगू लागला. फरसबंदीच्या लाल विटा आणायचा, टॉवेलात गुंडाळायचा आणि त्या फेकून झेलायला लावायचा. स्वतः डोळे मिटून उभा राहायचा नि नुसता ऐकायचा. हातावर थाप वाजली की म्हणायचा, चुकलं, परत.

विटा! अंगावर विटा फेकणारा खेळ. आणि माझा पोरगा ते शिकवायचा. अशी रानटी तऱ्हा कुठून उचलली असेल कोण जाणे. घरी येताना राखीला म्हटलं, "बघ, मी काय म्हणत होतो?" ती खिडकीबाहेर बघत होती.

गुरुवार, १ मे

कामगार दिन. इथं सुटी नाही. राखी ऑफिसात, मी घरी. हात रिकामा असला की मन जुन्या मालात शिरतं.

दोन हजार तीनला आपलं घर बांधलं ते आठवत होतं. लोकांची चाळीस घरं बांधली तेव्हा कुठं स्वतःच्या घराला मुहूर्त लागला. मजूर परवडत नव्हता. दिवाळीची सुटी होती, सुयश तेरा वर्षांचा. त्याला परांचीवर उभा केला. मी खालून वीट फेकायचो, तो वरून झेलून रचायचा. पहिल्या दिवशी बोटं सोलवटली. राधाबाईनं हळद लावली नि माझ्याशी दोन दिवस अबोला धरला.

मग मी त्याला युक्ती सांगितली. वीट येते तिला आडवं जायचं नाही. ती येते तशी हात तिच्यासोबत मागं न्यायचे, पाहुण्याला घरात घेतो तसं. वीट हातात आली हे विटेलाही कळता कामा नये. मी खाली सिमेंटचा मसाला कालवायला वाकलेला असायचो, पाठ त्याच्याकडे. पण कान वर. थाप वाजली की तिथूनच ओरडायचो, "चुकलं! परत!" आठ-दहा दिवसांत आवाज बंद झाला. अडीच हजार विटा नि हूं की चूं नाही. मी वर बघितलं, तर गडी परांचीवर उभा, मागं सूर्य, नि हसतोय.

इतर पोरं फटाके उडवत होती. मी माझ्या पोराला विटा झेलायला लावल्या. तेवढं एकच दिलं मी त्याला, अंगमेहनत. बाकी जे मोठेपण त्यानं मिळवलं, ते त्याचं त्यानं.

गुरुवार, १५ मे

तिनेकबाईनं घरी कॉफीला बोलावलं होतं. राखी ऑफिसातून परस्पर येणार, तोवर मी एकटाच. रोशननं दारापर्यंत पोचवलं. बाई खुणांनी बोलली, मी खुणांनी बोललो, बरं चाललं होतं. तिची नात साने चेंडू घेऊन अंगणात होती, तिनं काचेतून हात हलवला. वीस-बावीसची असेल, बोटांना पट्ट्या बांधलेल्या.

मग मला संडासला जावं लागलं.

आत, बसलं की अगदी डोळ्यांसमोर, एक लांबट कॅलेंडर खिळ्याला टांगलेलं. मे महिन्याचं पान. खालचं पान जरा पुढं आलेलं, म्हणून उचकून बघितलं. जून. तारखांपुढं हातानं लिहिलेली नावं. आणि चौदापुढं माझ्या मुलाचं नाव. इंग्रजी अक्षरं, पण ते नाव मी कुठल्याही लिपीत ओळखीन. नावापुढं एक भोपळा काढलेला. शून्य.

माझं डोकं फिरलं. मेलेल्या लेकराचं नाव, नि कुठं टांगलंय!

पान फाडलं. घडी करून आतल्या खिशात घातलं. बाहेर आलो, कॉफीला हात न लावता चप्पल घातली नि चालत निघालो. बाई दारात उभी राहिली, हातात बिस्किटाचा डबा. या खेपेला झाकण उघडंच होतं.

पान या वहीत ठेवलंय. राखीला सांगितलं, पोट बिघडलं.

शुक्रवार, १६ मे

झोप नीट लागली नाही, म्हणून सकाळीच लिहून टाकतो.

माझ्या आज्याला गावात नाव नव्हतं. म्हणजे होतं, पण कुणी घेत नसे. जातीनं हाक मारायचे. पाटलाच्या वहीतसुद्धा जातीपुढं आकडा. माझ्या बापानं धम्म घेतला त्यानंतर घरात पहिल्यांदा लोक एकमेकांना पूर्ण नावानं हाक मारू लागले. मुलगा झाला तेव्हा मी विहारातल्या गुरुजींना आठ दिवस छळलं, असं नाव द्या की उच्चारणाऱ्याला आपसूक आदरानं उच्चारावं लागेल. सुयश. ते नाव काय तिथं टांगायला दिलं होतं?

हसून सूपच्या गोष्टी सांगतात. पोटात एक, ओठात एक.

शर्टाचं उत्तर ठरलं. टांगलेलाच राहू दे. मी चौदा जूनला जाणार नाही.

रविवार, २५ मे

रोशनचा फोन. सांगितलं, तब्येत बरी नाही. "हुइसआर्ट्स के पास चलो, काका," म्हणाला, म्हणजे इथला घरचा डॉक्टर. म्हटलं, तो सगळ्याला एकच गोळी देतो, ती घरात आहे.

राखी माझ्याशी कमी बोलते. काल भांडी घासताना म्हणाली, "तीन वर्षं मी एकटीनं जात होते त्या सामन्याला, बाबा. एकदा तरी तुमच्याबरोबर जावं असं वाटलं होतं." मी नळ मोठा सोडला.

ही गोष्ट मी तिला विचारलीही नव्हती. तीन वर्षं ती जात होती.

रविवार, ८ जून

आज जे कळलं ते लिहायला पेन उचलत नाही. पण वहीशी खोटं बोलून कुणाला फसवायचं?

रोशन आला, राखीनं पोहे केले. सहज म्हणून तो सांगू लागला, तिनेकच्या बहिणीनं बोलणं टाकलंय. तीन जूनला तिचा वाढदिवस, तिनेक विसरली. सत्तर वर्षांत पहिल्यांदा. का, तर संडासातल्या कॅलेंडरचं जूनचं पानच कुणीतरी फाडून नेलं. पणतू तीन वर्षांचा, त्याच्यावर आळ आलाय. तो म्हणतो मी नाही, आणि ओरडून रडतो.

माझा घास तोंडातच.

"कॅलेंडर संडासात काहून ठेवते ती?" मी विचारलं.

राखी हसली. "बाबा, इथं सगळेच तिथं ठेवतात. वाढदिवसांचं वेगळं कॅलेंडर असतं, त्यावर वार नसतात, म्हणून वर्षानुवर्षं तेच चालतं. घरातली सगळ्यात शांत जागा ती. रोज चारदा बसायचं, रोज चारदा नजर पडते. कोणी विसरायला नको म्हणून."

"और उस में हर किसी का नाम नहीं लिखते," रोशन म्हणाला. "सिर्फ घरवालों का. हमार नाम तो बारह साल के बाद लिखा बुढ़िया ने."

मी उठलो, खोलीत गेलो, वही आणली नि ते पान दोघांपुढं ठेवलं.

रोशननं पोह्यांची बशी खाली ठेवली. राखीनं पान हातात घेतलं. उजेडाकडे धरलं. वाटलं, आता बोलेल, ऐकायचंच आहे. पण ती रडत होती नि हसतही होती. "अहो बाबा, हे शून्य नाहीये. बघा ना, दोन्हीकडून टोकदार आहे. मधे शिवण काढलीय. चेंडू आहे हा."

तिनं दुसरं नाव दाखवलं, चोवीस तारखेपुढं. त्याच्या बाजूला बारीक क्रूस. तिनेकचा नवरा, वारलेला. जो गेला त्याच्यापुढं क्रूस काढतात, नाव मात्र खोडत नाहीत. रोशन म्हणाला, सुयशपुढं काय काढावं हे बाईनं कुणाकुणाला विचारलं होतं. तो बौद्ध, त्याच्यापुढं क्रूस शोभत नाही म्हणून.

आपली भिंत वाकडी आहे हे ओळंबा लावल्याशिवाय कळत नाही. आणि मी तर ओळंबा खिशात घालून फिरणारा माणूस.

मंगळवार, १० जून

गेलो. राखी येते म्हणाली, तिला म्हटलं, तू दाराबाहेर थांब. मग दारातच लक्षात आलं की मला डच येत नाही. तिला आत घेतलं.

पान मागून कागद लावून, खळीनं चिकटवून नेलं होतं. तिनेकच्या हातात दिलं. राखीला सांगितलं, जसंच्या तसं सांग, काही गुळगुळीत करू नको. मी चोरलं. मला वाटलं माझ्या मुलाचा अपमान केलाय. पणतूला सांगा, आजोबानं केलं.

बाईनं चांगला कान माझ्याकडे केला नि सगळं ऐकलं. मग तिनं पान उलटसुलट करून माझी डकवणी तपासली. बोलली ते राखीनं सांगितलं: "काम चांगलं केलंय. आता माझ्या बहिणीला फोन करून हेच सांगा. ती माझं ऐकत नाही."

फोन लावला खरंच. मी मराठीत माफी मागितली, पलीकडून ती डचमध्ये काय काय बोलली. राखी पोट धरून हसत होती.

मग तिनेकनं पेन काढलं नि विचारलं, माझा वाढदिवस कधी. म्हटलं, खरा कुणालाच ठाऊक नाही. आमच्या वेळी शाळेत गुरुजी सगळ्यांचा एक जूनच लिहायचे. पासपोर्टावरही तोच. तिनं पान डोळ्यांजवळ नेलं, एक जूनपुढं हळूहळू 'बबन' लिहिलं. मग माझ्यावर बोट रोखून काहीतरी ठणकावलं.

"म्हणते, नऊ दिवसांपूर्वी तुमचा वाढदिवस होऊन गेला नि पान तुमच्याच वहीत होतं. केक बुडाला तो तुमच्या कर्मानं."

बिस्किटं दोन मिळाली.

निघताना अंगणात साने होती. चौदा नंबर मागणारी तीच, हे तेव्हा कळलं. मुलींचा संघ दोन वर्षांपूर्वी निघाला, त्यात ती रिसीव्हर. आजीनं माझ्यापाशी एकदाही तिची शिफारस केली नव्हती. तिनं स्वतःही नाही. मी तिची बोटं बघायला मागितली. सोलवटलेली. राखीला म्हटलं, हिला हळद देऊन ये.

शनिवार, १४ जून

सुयशचा वाढदिवस. आज असता तर पस्तीस पुरे.

मैदानावर पाय ठेवला तर एकेक जण येऊन माझा हात धरी नि म्हणे, "अभिनंदन." मुलगा गेलेल्या बापाला अभिनंदन. महिन्यापूर्वीचा बबन मिस्त्री असता तर कुणाचं तरी थोबाड रंगवून आला असता. आता शहाणा झालोय. आधी राखीकडे बघितलं. ती म्हणाली, "इथं ज्याचा वाढदिवस त्याच्या आईबापांचं पण अभिनंदन करतात. तुमच्याकडे तो जन्मला म्हणून." म्हटलं, रीत वाईट नाही. राधाबाईला फोनवर दाखवून घेतलं, तिचंही सगळ्यांनी हात हलवून अभिनंदन केलं. ती म्हणाली, "काहून गर्दी हाय इतकी? जेवण हाय का?"

रोशननं मोजले, एकशे ऐंशी. कुत्र्यांसकट. लायडनचेही चारजण आले होते, ते म्हणाले रेषेच्या बाहेर होता. तिनेकनं पातेलं त्यांच्यापासून लांब सरकवलं.

मग शर्ट भिंतीवरून काढून माझ्या हातात दिला. पहिल्यांदाच हात लावला त्याला. काखेत उसवलेला, कोपरावर गवताचा डाग तसाच. रोशननं माईक तोंडाशी धरला. एवढ्या लोकांपुढं मी कधी बोललो नाही.

म्हटलं, "मी घरं बांधली. एक सांगतो. वापरातलं घर झिजतं, पण टिकतं. कुलूप लावलेलं घर पाच वर्षांत वाळवी खाते. हे कुलूप मीच लावलं होतं, मीच काढतो. शर्ट त्या पोरीला द्या."

रोशननं डचमध्ये काय सांगितलं माहीत नाही, माझ्यापेक्षा बरंच लांब होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सानेनं शर्ट अंगात घातला. गुडघ्यापर्यंत आला तिला.

सामन्याची पहिली फेक बापाची, असं ठरलं होतं. वाउटर मला बोटं कशी धरायची ते शिकवू लागला. माझी बोटं सत्तर वर्षांची, थापीच्या दांड्यावर वाकलेली, ती काय ऐकतात? म्हटलं, माझ्या पद्धतीनं फेकतो. चेंडू आडवा धरला, दोन्ही हातांनी, खालून. जरा वाकून. पहिल्या मजल्यावर पोचवायचा तसा सोडला.

चेंडू वर गेला नि साने त्याच्याखाली आली. मी सवयीनं मान फिरवली. बघितलं नाही. कान दिला.

काही वाजलं नाही.

मैदान ओरडत होतं, पण त्याआधी एक क्षण होता, त्यात काही म्हणजे काही वाजलं नाही. मी वळून बघितलं. पोरगी उभी, हात छातीशी मागं नेलेले, पाठीमागं ऊन. वाउटर माझ्याकडे बघत होता. मग तिच्याकडे. मग परत माझ्याकडे. त्यानं कपाळाला हात लावला.

मला वाटतं त्याला माझ्या आधी कळलं. मी तिथंच गवतावर बसलो. राखी धावत आली, "बाबा, काय होतंय? चक्कर?" म्हटलं, "काही नाही. एक हिशोब चुकीचा धरला होता इतकी वर्षं. तो जुळवतोय."

शुक्रवार, २७ जून

उद्या विमान. सामान बांधून झालं. तिनेकनं राधाबाईसाठी निळे-पांढरे मोजे विणून दिलेत, गुडघ्यांपर्यंतचे. नागपुरात घालायचे कसे ते मी विचारलं नाही. आमच्यासाठी कोरं कॅलेंडरही दिलंय. कुठं टांगायचं यावर घरी भांडण होणार.

सानेला एक पत्र लिहिलंय. राखी डचमध्ये करून देईल. इथं उतरवून ठेवतो, म्हणजे माझ्यापाशी राहील.

"चि. साने हिस बबन मिस्त्रीचे अनेक आशीर्वाद.

तुझी बोटं कशी आहेत? हळद लावतेस ना? आजीचा कान कसा आहे? मावशीआजीचा राग उतरला का? पणतू माझं नाव काढतो का, आणि काय म्हणून काढतो?

शर्ट मोठा होतो म्हणून कापू नकोस, आत दुमड घाल. काखेतली उसवण मात्र शिवून घे. गवताचा डाग घालवायचा की नाही ते तुझं तू ठरव. आता तो तुझा आहे.

वाउटर तुला यापुढंही विटांनी शिकवील. भिऊ नकोस. मी त्या तऱ्हेला रानटी म्हटलं होतं, ते शब्द मागं घेतो. ती तऱ्हा माझीच आहे. माझ्या घराचा पहिला मजला त्याच तऱ्हेनं उभा राहिला नि अजून उभा आहे. सुयशनं ती इतक्या लांब आणून जपली, नि मला सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही. तू मला सांगत जा. मी विचारत जाईन.

हात येणाऱ्यासोबत मागं न्यायचे, एवढं ध्यानात ठेव. एखाद्या दिवशी थाप वाजलीच तर रडू नकोस. चुकलं, परत, एवढंच म्हणायचं.

आमचा पावसाळा सरला की तुमचे सामने सुरू होतील. पहिल्या सामन्यात किती झेलले, किती सुटले, दोन्ही लिही. सुटलेले आधी लिही. राधाबाई रोज पोस्टमनला विचारणार आहे, तिचे गुडघे दुखतात, तिला फार खेपा घालायला लावू नकोस. उत्तर लवकर पाठव."